लालसूचा फोटो

२ एप्रिल

पासपोर्ट फोटो सकाळी पाच, दुपारनंतर एकही नाही. बाजाराचा दिवस असून.

येरमपल्लीची मैनीबाई मडावी आली होती. मोहाचे दिवस, पहाटेपासून फुलं वेचून तशीच बसमध्ये बसलेली, पदराला वास. तिचा मुलगा लालसू तापाने गेला त्याला सात वर्षं झाली. तेंदूपत्त्याचं काम संपलं की त्याच्या नावाचा दगड उभा करणार आहेत, गावाला जेवण. दगडापाशी ठेवायला त्याचा फोटो पाहिजे. खरं कारण उठता उठता बोलली. लालसू गेला तेव्हा त्याची मुलगी आईच्या पोटात होती. पोरगी आता विचारते, बाप कसा दिसत होता.

त्यांच्याकडे एकच फोटो होता, अब्बांनी काढलेला. मैनीबाईने तो भाताच्या पेजेने भिंतीला चिकटवला होता. वाळवी पेजेसाठी आली आणि फोटोही खाऊन गेली. मतदान कार्ड लालसूच्या पिशवीत होतं. माणूस गेला की त्याच्या वापरातलं त्याच्यासोबत मातीत ठेवतात त्यांच्यात, तशी पिशवीही ठेवली. बाकी कुठे काही नाही.

अब्बांनी वही काढली. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, रोल मिळायचे बंद होईपर्यंत रोलवरच फोटो काढले, आणि प्रत्येक निगेटिव्हचा नंबर, नाव, गाव वहीत. पाच मिनिटांत सापडलं. ३११७, लालसू मडावी, उभा, एकटा. मी म्हटलं कॉम्प्युटरमध्ये आहे, पुढच्या बाजाराला घेऊन जा. काळी शाई संपलीय आणि रामटेकेंच्या मुलीचा लग्नाचा अल्बम डोक्यावर बसलाय.

मैनीबाईला माझ्या शब्दाने पुरलं नाही, अब्बांना विचारलं, "भाऊ, पक्का आहे ना?" अब्बा म्हणाले, पोरीने सगळे आत ठेवले आहेत. ऐकून बरं वाटलं. अब्बा सहसा माझं कौतुक करत नाहीत.

४ एप्रिल

अल्बमने जीव खाल्लाय. रामटेकेबाईंना नागपुरात करतात तसा पाहिजे, सोनेरी कडा, मागे महाल, नवरा-नवरी ढगात. माझ्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ढग नाहीत. नवीन विकत घ्यायचं तर अल्बमच्या मजुरीत बसत नाही. एका साइटवर फुकट सापडलं. सूचना होती की बसवताना अँटिव्हायरस बंद ठेवा. ठेवला. सगळेच ठेवतात.

तीनदा फसलं. चौथ्यांदा एक काळी खिडकी उघडली नि मिटली. पण सॉफ्टवेअर काही दिसत नाही. उद्या बघेन. पाठ मोडली.

५ एप्रिल

लिहायला बसवत नाही. थोडं थोडं.

सकाळी कॉम्प्युटर फार सावकाश चालत होता. हार्ड डिस्कचा निळा दिवा सारखा लुकलुकत होता, मी काहीच कॉपी करत नसताना. वाटलं ऊन लागलं असेल. दोनदा बंद करून चालू केला. मग लग्नाचं फोल्डर उघडलं तर फोटोच दिसेनात, नुसती पांढरी पानं. प्रत्येक नावाच्या शेवटी चार अक्षरं चिकटलेली, अर्थ नसलेली. एक उघडून बघितलं, उघडेना. दुसरं फोल्डर तसंच. मग अब्बांचं फोल्डर. हात लावायची हिंमत होत नव्हती, लावला. तेही तसंच.

प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवीन इंग्रजी चिठ्ठी. तुमच्या फाइलींना कुलूप लावलं आहे. किल्ली फक्त आमच्याकडे आहे. तीन दिवसांत डॉलर भरा, नंतर दुप्पट. खाली ईमेलचा पत्ता. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ, मात्र ती महत्त्वाची नसावी. किराणा दुकानदार चाखायला चिमूटभर देतो, तसं.

तेव्हा कुठे मी डिस्कची वायर उपटली. दिवा तोवर शांत झाला होता, काम संपलं होतं त्याचं.

ती डिस्क म्हणजे दुसरी प्रत नव्हे. हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन. कॉम्प्युटर भरला म्हणून मी अब्बांचे सगळे फोटो कट करून तिकडे टाकले आणि डिस्क कायम लावलेली ठेवली. चार हजारांवर फोटो. तीन वर्षं एकेक निगेटिव्ह पुसून स्कॅन केलेले.

अब्बांनी विचारलं आज काम का बंद. मी म्हटलं लाइट नाही. पंखा फिरत होता. त्यांनी पंख्याकडे बघितलं आणि नमाजला गेले.

६ एप्रिल

मागच्या गल्लीतले गेडाम सर आले, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. चिठ्ठी वाचून त्यांनी आधी नेट काढलं. ते मी काढलंच नव्हतं. म्हणाले, याला रॅन्समवेअर म्हणतात. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्या. काहीही पुसू नका, नावं बदलू नका. बँकेचे, मेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, असले व्हायरस जाता जाता तेही उचलतात. आणि पैसे देऊ नका.

मला वाटत होतं सर व्हायरस काढतील आणि फोटो परत येतील. तेवढ्यावर रात्र काढली होती. सरांनी त्यांच्या पेन ड्राइव्हने व्हायरस काढलाही. फोटो तसेच.

"विषाणू गेला ताई," म्हणाले. "त्यानं लावलेलं कुलूप राह्यते."

एक बिघडलेली फाइल आणि ती चिठ्ठी त्यांनी कुठल्याशा साइटवर टाकली. कुलूप कोणत्या जातीचं ते तिथे कळतं. जात कळली, किल्ली मात्र आज कोणाकडे नाही. कधी कधी हे लोक पकडले जातात आणि किल्ल्या बाहेर येतात, फुकट मिळतात. म्हणून डिस्क जपून ठेवा. मी विचारलं कधी. म्हणाले, सहा महिन्यांत, दहा वर्षांत, किंवा नाहीच.

मग सहज बोलावं तसं म्हणाले, निगेटिव्ह तर आहेतच ना तुमच्याकडे, लालसूचा एक परत स्कॅन करा, बाकीचे सावकाश.

अब्बा दारात उभे होते. मी सरांसमोरच सांगितलं. नंतर सांगणं जमलं नसतं.

निगेटिव्ह नाहीत. दोन पावसाळ्यांपूर्वी पत्र्याच्या पेटीत पाणी शिरलं, पट्ट्या एकमेकींना चिकटून गोळा झाला, आंबट वास. सगळं स्कॅन झालं होतं. अब्बा सिरोंच्याला आत्याकडे गेले होते तेव्हा मी मागच्या अंगणात जाळून टाकल्या. रिकामी पेटी कुलूप लावून जागेवर ठेवली आणि आत आहेत म्हणून सांगितलं. दोन वर्षं सांगत आले.

सर चहा न घेता गेले.

अब्बा ओट्यावर बसून राहिले. जेवताना म्हणाले, "पेटी उचलून पाह्यली होती मी. मागच्या उन्हाळ्यात."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"तू म्हणाली मशीनमध्ये आहे. मी तुझ्यावर ठेवलं."

मला रागावले असते तर बरं झालं असतं. बारा वर्षांपूर्वी मी सासर सोडून परत आले तेव्हाही ते रागावले नव्हते, दुसऱ्या दिवशी स्टुडिओची किल्ली माझ्या हातात दिली होती.

७ एप्रिल

सकाळी पोलीस स्टेशन. तक्रार घेतली, ऑनलाइनही टाकायला सांगितली, टाकली. शिपायाने विचारलं काय नुकसान. फोटो म्हटलं. त्याने "जुने फोटो" लिहिलं आणि पुढचा रकमेचा कॉलम रिकामा ठेवला. वाईट वागला नाही. त्याच्या आजोबांचाही फोटो अब्बांनीच काढला होता म्हणाला. तोही त्यातच आहे हे मी बोलले नाही.

परवा बाजार. मैनीबाई येणार.

दुपारी एक गोष्ट केली. सरांना विचारलं नाही, ते नको म्हणाले असते. मोबाइलवर नवीन मेल उघडून त्या लोकांना लिहिलं, सोबत ३११७ ची फाइल. एक फुकट उघडून देतो म्हणतात ना, तर हीच द्या.

पण नुसती फाइल पाठवायचं सुचलं नाही. आयुष्यभर अर्ज लिहिलेत, लोकांचे आणि स्वतःचे. तहसीलला, वनविभागाला, पंचायत समितीला. अर्जात कारण जितकं मोठं तितका साहेब पाघळतो, हे डोक्यात बसलेलं. तसंच लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. आदरणीय साहेब, हा एका गरीब बाईच्या मेलेल्या मुलाचा एकमेव फोटो आहे. त्याच्या मुलीने बापाला पाहिलेलं नाही. त्याचा दगड उभा व्हायचा आहे. कृपा करून सहानुभूतीने विचार व्हावा. खाली नाव, आपली विश्वासू.

पाठवल्यावर बरं वाटलं. ओझं कमी झाल्यासारखं.

८ एप्रिल

उत्तर आलं. तीन ओळी. ही फाइल तुमच्यासाठी महत्त्वाची आहे, त्यामुळे फुकट उघडता येत नाही. आधी पैसे भरा. उद्यापासून दुप्पट.

मोबाइल घेऊन सरांकडे गेले. त्यांनी माझा अर्ज पूर्ण वाचला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की यांच्याशी बोलायलाच नको होतं, आणि बोललात तर हे तरी सांगायला नको होतं.

मीच सांगितलं. बाकी हजारो फाइली त्यांच्या लेखी सारख्याच होत्या. यातली एक कोणाची आहे आणि कोणासाठी, हे त्या माणसाला फक्त मी सांगितलं. घरी येऊन पाणी भरलं, भाजी चिरली, आणि मग रडले.

९ एप्रिल

मैनीबाई सकाळच्याच बसने आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, पदरात बांधून आणलेली चारोळी अब्बांपुढे ठेवली. फोटोच्या बदल्यात असणार.

तिला समजेल असं कसं सांगायचं कळेना. मग म्हटलं, कोणीतरी दूर बसून आपल्या पेटीला कुलूप लावलं. फोटो आत आहे. किल्ली त्याच्याकडे.

"कोन होय तो?"

माहीत नाही म्हटलं. दूर देशातला आहे.

"लालसू मेला म्हून सांगतलं का त्याले?"

"सांगतलं, बाई."

"मंग?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती रस्त्याकडे बघायला लागली. बाजारात जाणारी माणसं, टोपल्या, एका सायकलला उलटी बांधलेली कोंबडी. मग हळू बोलली, "त्याले नोको होतं सांगाले."

हेच गेडाम सर म्हणाले होते. पण तिच्या तोंडून लागलं.

अल्बम, शाई, फुकटचं सॉफ्टवेअर, सगळं सांगितलं तिला. त्या दिवशी दहा मिनिटं काढून फोटो छापला असता तर आज तिच्या हातात असता, हेही. तिने ते सोडून दिलं. पोरीला काय सांगू, एवढंच विचारलं. अब्बा म्हणाले, अजून दिवस आहेत, आम्ही सोडणार नाही. चारोळी तिने परत नेली नाही.

१२ एप्रिल

मुदत संपून चार दिवस झाले. अब्बांनी पैसे देऊन टाकायचा विषय काढला. त्यांचा मोठा कॅमेरा आहे, घेणारा एक जण चंद्रपूरला आहे. मलाही वाटत होतं, खोटं कशाला लिहू. सरांनी सांगितलं, पैसे घेऊन किल्ली न देणारे पुष्कळ, आणि दिले की तुमचं नाव देणाऱ्यांच्या यादीत लागतं. नेटवर फाइली उघडून देतो म्हणणारा एक माणूस मला सापडला होता, त्यालाही नको म्हणाले. असे लोक गुपचूप चोरालाच पैसे देतात आणि मधले स्वतः ठेवतात.

अब्बांनी माझा अर्ज वाचायला मागितला. मराठीत सांगितला. मग उत्तरही सांगितलं.

"नाई देऊ," म्हणाले. "मेलेल्या माणसाचं आयकून ज्यानं दाम वाढवला, तो किल्ली का देईल."

कॅमेरा परत कपाटात. मला मात्र अजून नक्की काही वाटत नाही. दिले असते आणि उघडला असता तर? हे "तर" बहुतेक राहणार.

१६ एप्रिल

बाजार. अब्बा खुर्ची घेऊन बाजारातल्या आमच्या जुन्या दुकानासमोर जाऊन बसले. मला नको होतं ते, सगळ्या अहेरीला कळणार. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, त्यांचे फोटो आहेत, त्यांना कळायलाच पाहिजे.

ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की थांबवायचे. सांगायचे, तुझा फोटो आमच्याकडे होता, आता बंद झाला. घरी असेल तर घेऊन ये, मोबाइलमध्ये काढून ठेवू. चूक माझ्या पोरीची असं एकदाही म्हणाले नाहीत. आमच्या हातून झालं, म्हणायचे. मी मागे उभी होते, शेवटी मीही बोलायला लागले. काही जण हसले. एका म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, मग तो तसाच उभा राहिला. त्याच्या बायकोचा होता.

येरमपल्लीच्या प्रत्येकाला विचारलं, लालसू कुठल्या फोटोत आहे का. एक पोरगा म्हणाला, त्यांच्या घरच्या लग्नाच्या फोटोत आहे. तो पोरगा संध्याकाळच्या आत सायकलने जाऊन घेऊन आला. लालसू आहे त्यात. पाठमोरा, गळ्यात ढोल, लोकांच्या पुढे. नुसती पाठ.

२१ एप्रिल

सर दुपारभर इथेच होते. त्यांनी एक गोष्ट शोधली. हे कुलूप पूर्ण फाइलला नाही. चोराला घाई असते, तो प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा तुकडा बिघडवतो आणि पुढे जातो. फोटोची फाइल वरून खाली भरते, म्हणजे वरचा भाग गेला, खालचा शाबूत असू शकतो. त्याच स्कॅनरवर त्याच मापाचा एक नवीन फोटो स्कॅन करून घेतला. त्या नव्या फाइलचं डोकं, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, तोडून या फाइलींना लावायचं, असं काहीतरी. मला अर्धं समजलं.

डिस्कला हात लावला नाही. आधी सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत, मग प्रतीवर काम. सर हे करत असताना मी बघत होते. इतकं साधं होतं ते, प्रत करणं.

पहिला फोटो उघडला. वर राखाडी पट्टा, पार छातीपर्यंत. खाली माणूस. अब्बा खुर्ची सरकवून जवळ आले.

दहा उघडले, वीस उघडले. प्रत्येकात वरचं राखाडी, खाली तेच काळे बूट. विसरलेच होते मी. स्टुडिओत अब्बांनी एक कोट आणि बुटांचा एक जोड ठेवलेला असायचा. जंगलातून आलेली माणसं अनवाणी, फोटोसाठी घालायची. चाळीस वर्षांत बुटांचे तळ तीनदा बदलले. कोणाला मोठे व्हायचे, कोणाला घट्ट, नाडी सुटलेली. कोट अर्धा राखाडीत गेला, बूट पूर्ण राहिले. एकामागून एक माणसं, त्याच बुटांत, तळं रंगवलेल्या त्याच पडद्यासमोर, एकालाही तोंड नाही. फाइलीच्या नावात नंबर आहे म्हणून कोण ते कळतं, नाहीतर कोणालाच ओळखलं नसतं.

अब्बा म्हणाले, "बूट नसते घातले तर पाय तरी आपले राह्यले असते त्यांचे."

३११७ सर्वात शेवटी उघडला, मीच म्हटलं शेवटी. छातीच्या खालचा लालसू. दोन्ही हात बाजूला सरळ सोडलेले, बोटं ताठ. बूट त्याला लहान होत असावेत, टाचा बाहेर.

३० एप्रिल

मैनीबाईला निरोप पाठवला होता. आज आली. स्क्रीनसमोर बसवलं आणि आधीच सांगितलं, चेहरा नाही बाई, तेवढं मनात धरून बघा.

तिने बुटांकडे बघितलंच नाही. डाव्या हातावर बोट ठेवलं, काचेवर. करंगळी वाकडी आहे. मला इतक्या दिवसांत दिसली नव्हती.

"तेंदूच्या झाडावरून पडला होता," म्हणाली. "बारका होता तवा. म्या बांधली होती, पन वाकडीच बसली."

मग हसली. महिनाभरात पहिल्यांदा. काऊन इतका ताठ उभा राह्यला हा, असं अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, सगळेच राहायचे, मीच सांगायचो हलू नका.

छापून ठेवते म्हटलं. पुढचे दोन आठवडे ती येणार नाही, तेंदूपत्ता तोडायला सगळं गाव जंगलात. दगड मे संपायच्या आत उभा करणार.

११ मे

ऊन फार. कॉम्प्युटर सरांनी पूर्ण पुसून नव्याने बसवून दिला. जुनी डिस्क कापडात, कपाटात, वर चिठ्ठी: पुसू नये. नवीन फोटो दोन ठिकाणी, आणि वायर काम झालं की काढायची. रामटेकेंचा अल्बम ढगांशिवाय दिला, लग्नाचे मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात होते म्हणून वाचले. त्या नाराज. असू देत.

आतापर्यंत बाजारातून जुने फोटो एकोणीस आले. तेवढे परत काढून ठेवले.

सरांनी आज परत ती साइट बघितली. किल्ली नाही.

२६ मे

लालसूचा फोटो तयार केला. खूप वेळ दिला. राखाडी पट्टा बघवत नव्हता, मेलेल्या माणसाच्या दगडापाशी असलं भुंडं कसं ठेवायचं. पट्टा कापला. खालचा भाग मोठा केला, हात मधोमध येतील असा. बूटही कापले. नुसते दोन हात, मागे पडद्यावरचं तळं. चांगला दिसतो. असा मुद्दाम काढल्यासारखा. फ्रेमही केली.

अब्बांना दाखवला. बघितला, परत दिला. मला वाटलं आवडला.

२८ मे

मैनीबाई आली, सोबत नात. लालसूची मुलगी, सहा-सात वर्षांची, आजीच्या मागे लपून. दगड परवा आहे. अब्बांना आणि मला जेवायला यायचं आहे, सांगूनच गेली.

फ्रेम दिली. तिने धरली, जवळ नेली, लांब नेली. मग फ्रेमच्या वरच्या कडेवरून हात फिरवला.

"कापला काऊन?"

मी सांगितलं की वर काहीच नव्हतं, नुसता पट्टा. बरं दिसत नव्हतं.

"काई नव्हतं कसं? त्याचं डोस्कं होय तिथी." रागावली नव्हती, मला समजावत होती. "बंद आहे म्हनते ना तू. खुललं तं कुठी ठेवशीन? जागा राहू दे."

मी परत छापला. पूर्ण, जसा होता तसा, बुटांसकट. राखाडी तेवढं काढलं, वर कोरा पांढरा कागद राहू दिला. फ्रेममध्ये मावेना म्हणून तसाच नेते म्हणाली.

शाई वाळायला कागद ओट्यावर ठेवला होता. पोरगी त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि आजीला गोंडीत काहीतरी विचारलं. अब्बांना गोंडी येते, बाजारात शिकलेले. मला हळूच सांगितलं, विचारते आहे की तोंड कुठे आहे.

मैनीबाई तिच्याशेजारी बसली. बोट कोऱ्या कागदावर ठेवलं, खांदे असते त्याच्या जरा वर, आणि सांगत गेली. हनुवटी. मग ओठ. मग नाक, तिथे थांबून पोरीच्या नाकाला बोट लावलं आणि परत कागदावर. डोळे. उजव्या भुवईपाशी एक खूण, तीही गोल करून दाखवली. अब्बा एकेक शब्द सांगत होते, मग सांगायचे थांबले. मीही विचारलं नाही. तिचं बोट एकदाही अडलं नाही, कुठे काय होतं ते शोधावंच लागत नव्हतं तिला. पोरगी वाकून बघत होती.